दुखणं मोजायला शिकलेली वीस वर्षं

२००६ साली जर्मनीतल्या देसाऊ शहरात देशोदेशीचे त्वचारोगतज्ज्ञ आणि संशोधक एकाच आजारासाठी पहिल्यांदा एकत्र जमले. हिड्राडेनायटिस सप्युरेटिव्हा, थोडक्यात एचएस, असं त्या आजाराचं नाव. काखेत, जांघेत, स्तनांखाली, नितंबांवर, गुदद्वाराच्या आसपास त्वचेच्या खोल थरात गाठी येतात. त्या पिकतात, फुटतात, पू जातो, खपली धरते आणि काही आठवड्यांनी त्याच जागी किंवा बोटभर अंतरावर नवी गाठ येते. वयात आल्यानंतर हे सुरू होतं आणि अनेकांचा वर्षानुवर्षं पिच्छा सोडत नाही. देसाऊला या आजाराची एक सर्वमान्य व्याख्या ठरली. तिच्यात दोन गोष्टी स्वच्छ लिहिल्या गेल्या. आजार केसाच्या मुळाशी सुरू होतो, ही पहिली. या गाठी दुखतात आणि माणसाला जेरीस आणतात, ही दुसरी. पहिली गोष्ट कळायला सूक्ष्मदर्शक लागला होता. दुसरी प्रत्येक रुग्ण पहिल्या गाठीपासून सांगत आला होता, तरी ती सर्वांच्या संमतीनं कागदावर यायला दीडशेहून जास्त वर्षं गेली.

त्या परिषदेला आता वीस वर्षं होताहेत. मधल्या काळात नवी इंजेक्शनं आली, शस्त्रक्रियेच्या पद्धती सुधारल्या, काही जनुकं सापडली. त्या सगळ्याचा मागोवा पुढे घेतलाच आहे. पण या काळातली सर्वांत मोठी घडामोड मला वेगळी वाटते. गाठी मोजणारं वैद्यक या वीस वर्षांत रुग्णाचं दुखणं मोजायला शिकलं. जे मोजलं जातं त्यावर उपचार होतात. जे मोजलं जात नाही ते रुग्णाच्या स्वभावावर ढकललं जातं: फार नाजूक आहे, जरा सोसत नाही, उगाच बाऊ करते. एचएसच्या रुग्णांनी हे पिढ्यानपिढ्या ऐकून घेतलं आहे.

थोडं मागे जायला हवं. पॅरिसचे शल्यविशारद आल्फ्रेड व्हेलपो यांनी १८३९ मध्ये काख, स्तनांखालची जागा आणि गुदद्वाराजवळ येणाऱ्या या गळवांचं वर्णन केलं. १८५४ मध्ये त्यांचेच देशबांधव अरिस्तीद व्हेर्नय यांनी घामाच्या ग्रंथींना दोष दिला. फ्रान्समध्ये हा आजार आजही त्यांच्या नावानं ओळखला जातो. १९२२ मध्ये जर्मनीत शीफरडेकर यांनी काखेतल्या आणि जांघेतल्या विशिष्ट घर्मग्रंथी वेगळ्या ओळखल्या आणि घामाचा समज आणखी घट्ट झाला. १९५० च्या दशकात अमेरिकेत काही जणांनी केसांच्या मुळांकडे बोट दाखवलं. १९९० च्या सुमारास सूक्ष्मदर्शकाखालच्या अभ्यासांनी ते पक्कं केलं. घामाच्या ग्रंथींवर सूज येते खरी, पण ती नंतर.

या जुन्या चुकीची किंमत रुग्णांनी मोजली आहे. घामाचा आजार म्हटलं की लोक तो अस्वच्छतेचा धरतात. नीट अंघोळ करत नाही, कपडे वेळेवर धूत नाही, केस काढत नाही, अशी बोलणी घरातूनच सुरू होतात. प्रत्यक्षात एचएसचा अस्वच्छतेशी संबंध नाही आणि तो स्पर्शानं पसरतही नाही. पू येतो म्हणजे संसर्गच असणार, हा समजही अपुरा आहे. मुळात ही शरीराच्या स्वतःच्या रोगप्रतिकार यंत्रणेनं पेटवलेली आग आहे आणि जंतू तिच्यात नंतर भर घालतात.

होतं ते असं. केसाच्या मुळाचं तोंड आतल्या केराटिननं बुजतं, मूळ फुगतं आणि त्वचेच्या आत फुटतं. आतला ऐवज भोवतालच्या ऊतींत सांडतो. शरीर त्याच्यावर परक्यासारखं तुटून पडतं आणि टीएनएफ, इंटरल्युकिन-१७ अशी दाह भडकवणारी रसायनं तिथे भरमसाट तयार होतात. हे पुन्हापुन्हा झालं की गाठी एकमेकींना आतून जोडल्या जातात. शेताच्या बांधात उंदरांनी बिळं करावीत तसे त्वचेखाली बोगदे तयार होतात. या बोगद्यांना आतून त्वचेसारखंच अस्तर असतं, म्हणून नुसत्या गोळ्यांनी ते बुजत नाहीत. साधारण एक तृतीयांश रुग्णांच्या घरात आणखी कुणाला तरी हा त्रास असतो. २०१० मध्ये चिनी कुटुंबांच्या अभ्यासातून गॅमा-सिक्रिटेज या विकराशी निगडित जनुकांमधले बिघाड सापडले, तेव्हा मोठी आशा वाटली होती. नंतर दिसलं की असे बिघाड थोड्याच रुग्णांत असतात.

कार्ल मार्क्स यांची गोष्ट इथे सांगायला हवी. १८६० च्या दशकात, ‘दास कॅपिटल’चा पहिला खंड लिहिला जात असताना, त्यांच्या पत्रांत गळवांच्या तक्रारी सतत येतात. बसता येत नाही, काम होत नाही, असं ते एंगल्सना कळवत राहतात. त्यांनी पोटिसं बांधली, आर्सेनिक घेतलं, एकदा तर धारदार वस्तऱ्यानं स्वतःच गळू कापलं. २००७ मध्ये ब्रिटिश त्वचारोगतज्ज्ञ सॅम शुस्टर यांनी ही पत्रं चाळून निष्कर्ष काढला की मार्क्स यांना एचएस असावा. मेल्यावर केलेलं निदान हे शेवटी अनुमानच. मला त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. शुस्टर यांना निदानापर्यंत नेलं ते रुग्णाच्या स्वतःच्या शब्दांनी. गाठी कुठे येतात, किती वेळा येतात, त्यांनी बसणं-उठणं कसं अडतं, हे सगळं मार्क्स यांनी लिहून ठेवलं होतं. नोंद झालेलं दुखणं दीडशे वर्षांनीसुद्धा वाचता आलं.

डॉक्टरांकडे मात्र रुग्णाचं म्हणणं टिपायला साधन नव्हतं. १९८९ मध्ये अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञ हर्ली यांनी आजाराचे तीन टप्पे ठरवले. गाठी आहेत पण बोगदे आणि व्रण नाहीत तो पहिला, दूरदूर बोगदे झाले तो दुसरा, सगळा भागच व्यापला गेला तो तिसरा. ही वर्गवारी सोपी आहे आणि आजही वापरतात, कारण शस्त्रक्रिया किती मोठी करावी लागेल याचा अंदाज तिच्यावरून येतो. २००३ मध्ये स्वीडनमध्ये सार्टोरियस यांची गुणपद्धती आली. तिच्यात गाठी, बोगदे आणि त्यांच्यातली अंतरं मोजून बेरीज करतात. दोन्ही पद्धती डोळ्यांना दिसतं तेवढंच धरतात. पहिल्या टप्प्यातल्या मुलीच्या काखेत एकच खोल गाठ असेल, बाहेरून जेमतेम लाली दिसत असेल, पण त्या एका गाठीमुळे तिला हात आठवडाभर अंगापासून लांब धरावा लागतो. कागदावर तिची नोंद ‘सौम्य’ अशीच होते.

आपल्याकडे याला कुणी केसतूड म्हणतं, कुणी गळू, काखेत आलं की काखमांजरी, जांघेत आलं की बेंड. अंगात उष्णता वाढली, आंबे जास्त झाले, रक्त बिघडलं, ही कारणं घरोघरी दिली जातात. चुना-गुळाचा लेप लावतात, अळशीचं पोटीस बांधतात, रक्तशुद्धीचा काढा देतात. एखाददुसऱ्या साध्या गळवाला शेक मिळाला तर आराम पडतो, आणि ते आपोआप बरंही होतं. एचएसचं गळू फुटून बसलं की तसंच वाटतं. पुढच्या खेपेला पुन्हा तेच उपाय होतात आणि वर्षं निघून जातात.

डॉक्टरांकडे गेल्यावरही रस्ता लवकर सापडत नाही. गाठ पिकली की सर्जन चिरा देतात, पू काढतात, आत गॉजची वात भरतात. चार-आठ दिवस ड्रेसिंग होतं, जखम भरते, फाइल बंद. पुढची गाठ दुसऱ्या गावात, दुसऱ्या दवाखान्यात दाखवली जाते. तिथे ती पहिलीच ठरते. जर्मनीतल्या एका अभ्यासात १९९८ मध्ये दिसलं होतं की एचएसच्या गाठीचा फक्त पू काढला तर ती हमखास परत येते. त्या मालिकेत असा एकही रुग्ण पुनरावृत्तीतून सुटला नव्हता. ठणका असह्य झाला असेल तेव्हा चिरा देऊन दाब मोकळा करणं योग्यच आहे, त्यानं तासाभरात जीव शांत होतो. पण तो इलाज त्या दिवसाचा, आजाराचा नाही. गाठ गुदद्वाराजवळ असेल तर तिला भगंदर समजतात. जांघेत वाहणारे बोगदे दिसले तर क्षयाची शंका येते, आणि आपल्या देशात ती घ्यायलाच हवी. पण तपासणीत क्षय न निघाल्यावर पुढचा विचार व्हायला हवा, तो अनेकदा होत नाही.

हा उशीर केवळ आपल्याकडचा नाही. २०१५ मध्ये अनेक देशांतल्या रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सोरायसिसचं निदान व्हायला सरासरी १.६ वर्षं लागत होती, एचएसचं व्हायला ७.२ वर्षं. सात वर्षं म्हणजे दहावीतल्या मुलीचं शिक्षण, पहिली नोकरी आणि कदाचित लग्नही. एवढा काळ ती आपल्या आजाराचं नाव न कळता, आपलंच काहीतरी चुकतंय असं समजत काढते. बोगदे आणि घट्ट व्रण तयार होतात तेही याच वर्षांत, म्हणून या उशिराची किंमत पुढे शस्त्रक्रियेतही मोजावी लागते.

या आजारानं दिवस कसा अडतो ते एकेका कृतीत दिसतं. लोकलमध्ये वरची कडी धरायची तर काख ताणली जाते. एसटीच्या बाकावर तासभर बसलं की नितंबावरची गाठ ठसठसायला लागते. दुचाकीवर बसणं, खुरपणीला उकिडवं बसणं, मोळी डोक्यावर चढवताना दोन्ही हात वर नेणं, शाळेत फळ्यावर लिहिणं, सगळ्यात कुठली ना कुठली दुखरी जागा आडवी येते. परकराची नाडी, ब्रेसियरची पट्टी, जीन्सची शिवण नेमकी गाठीवर घासते. पू वाहिला की कपडा चिकटतो, डाग पडतात, वास येतो. मग गडद रंगाचेच कपडे घ्यायचे, पर्समध्ये पॅड आणि जादा ब्लाऊज ठेवायचा, हळदी-कुंकवाला, वर्गात, मीटिंगमध्ये कडेची जागा धरायची. नवऱ्याजवळ जाणंही दुखतं, आणि ते सांगायला शब्द सापडत नाहीत. युरोप-अमेरिकेत स्त्रियांना हा त्रास पुरुषांच्या साधारण तिप्पट दिसतो, जपान-कोरियात मात्र पुरुष रुग्ण जास्त आढळतात. पुरुषही हे बोलत नाहीत. जागाच तशा आहेत.

हे सगळं आकड्यांत कसं आणायचं? १९९४ मध्ये कार्डिफमध्ये फिनले आणि खान यांनी त्वचारोगांसाठी दहा प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली केली होती. गेल्या आठवड्यात कपडे निवडताना अडचण आली का, कामावर परिणाम झाला का, जवळच्या नात्यात त्रास झाला का, असे साधे प्रश्न, एकूण गुण ३०. २००१ मध्ये फॉन डेर वेर्थ आणि येमेक यांनी ती ११४ एचएस रुग्णांना दिली. सरासरी ८.९ आली. इतर बहुतेक त्वचारोगांपेक्षा हा आकडा जास्त होता आणि सर्वाधिक गुण पडले ते वेदनेच्या प्रश्नाला. देसाऊच्या आधीची ही एक लहानशी पाहणी, पण पुढच्या कामाला तिनं दिशा दिली. २०१८ मध्ये रुग्ण आणि डॉक्टर यांनी मिळून ठरवलं की यापुढे एचएसच्या कुठल्याही औषधचाचणीत काही गोष्टी मोजायलाच हव्यात, आणि त्यांत वेदना आणि जगण्याची गुणवत्ता यांना जागा मिळाली. २०२० मध्ये खास या आजारासाठी बनवलेली १७ प्रश्नांची प्रश्नावली प्रसिद्ध झाली. ती स्राव, वास, चालणं, बसणं, कपडे घालणं, लैंगिक इच्छा, कामावर लक्ष लागणं याविषयी थेट विचारते. हे प्रश्न रुग्णांशी बोलूनच तयार झाले होते, म्हणून ते इतके नेमके आहेत. माझ्या दृष्टीनं या वीस वर्षांतलं हे कुठल्याही इंजेक्शनाइतकंच मोलाचं काम आहे.

आता इंजेक्शनांकडे. टीएनएफला रोखणारं अ‍ॅडालिम्युमॅब हे औषध आधी संधिवातासाठी वापरात होतं. २०१५ मध्ये युरोप आणि अमेरिकेत त्याला एचएससाठी मान्यता मिळाली. या आजारासाठी अधिकृतपणे मान्य झालेलं हे पहिलंच औषध. त्यामागच्या दोन मोठ्या चाचण्यांत मिळून ६३३ रुग्ण होते. त्यांचे निकाल २०१६ मध्ये छापले गेले. यश म्हणजे काय, तर गाठींची संख्या निम्म्यावर येणं आणि नवी गळवं वा वाहते बोगदे न वाढणं. बारा आठवड्यांनी पहिल्या चाचणीत औषध घेणाऱ्यांपैकी ४१.८ टक्क्यांना हे यश मिळालं, औषधाविना असलेल्यांत २६ टक्क्यांना. दुसरीत ५८.९ आणि २७.६ टक्के. वेदनेचा आकडा मात्र दोन्हींत सारखा वागला नाही. दुसऱ्या चाचणीत ती स्पष्ट कमी झाली, पहिलीत औषध घेणारे आणि न घेणारे यांच्यात ठळक फरक पडला नाही. गाठी घटल्या म्हणजे दुखणं त्याच प्रमाणात घटतंच असं नाही, हे यातून मोठ्या प्रमाणावर दिसलं. दुखणं वेगळं मोजलं नसतं तर हे कळलंच नसतं.

भारतापुरती एक दिलासा देणारी घटना याच सुमारास घडली. डिसेंबर २०१४ मध्ये अहमदाबादच्या झायडस कंपनीनं अ‍ॅडालिम्युमॅबची जगातली पहिली समरूप आवृत्ती बाजारात आणली, मूळ औषधापेक्षा खूपच कमी किमतीला. ती आली संधिवातासारख्या आजारांसाठी, पण त्यामुळे हे औषध इथल्या डॉक्टरांच्या हाताशी आलं. दर आठवड्याला टोचून घ्यायचं औषध महिनोन्‌महिने परवडणं अजूनही मध्यमवर्गाला जड जातं. दुसरी अडचण क्षयाची. टीएनएफ रोखला की शरीरात निपचित पडलेला क्षय जागा होऊ शकतो, म्हणून सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे आणि क्षयाची चाचणी चुकवता येत नाही.

क्षयाचाच धागा जुन्या गोळ्यांनाही येऊन मिळतो. क्लिंडामायसिन आणि रिफॅम्पिसिन ही प्रतिजैविकांची जोडी २००६ नंतर युरोपात खूप वापरली गेली. रिफॅम्पिसिन हे क्षयावरचं मुख्य हत्यार. आपल्यासारख्या देशात ते दुसऱ्या आजारासाठी सैल हातानं देणं धोक्याचं आहे. २०२१ मध्ये युरोपातल्या २८३ रुग्णांच्या अभ्यासात दिसलं की ही जोडी आणि साध्या टेट्रासायक्लिन गटाच्या गोळ्या यांचा परिणाम जवळपास सारखाच आहे. आपल्यासाठी ही फार उपयोगी माहिती आहे. या गटातलं डॉक्सिसायक्लिन स्वस्त आहे, गावोगावी मिळतं आणि क्षयाच्या उपचारांची धार बोथट करत नाही. रिफॅम्पिसिन दिलंच तर लघवी केशरी होते आणि गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो, हेही बाईला आधी सांगितलं पाहिजे.

शस्त्रक्रियेतही समज बदलली. संपूर्ण भाग कापून काढण्याऐवजी बोगद्याचं छप्परच उघडायचं, आतला चिकट थर खरवडायचा आणि जखम तळापासून भरू द्यायची, ही पद्धत १९५० च्या दशकापासून माहीत होती. २०१० मध्ये नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी ४४ रुग्णांच्या ८८ जागांवर ती करून पाहिली. सरासरी तीन वर्षांच्या आसपास पाठपुरावा करूनही ८३ टक्के जागी आजार परतला नव्हता. स्थानिक भूल देऊन होणारी ही शस्त्रक्रिया आहे, त्यासाठी मोठं रुग्णालय लागत नाही. ती आपल्याकडे अजून पुरेशी रुळलेली नाही, याचं मला वाईट वाटतं.

वेदनेवर थेट बोलणारे वैद्यकीय लेख साधारण २०१५ पासून दिसू लागले. २०१९ मध्ये अमेरिका आणि कॅनडाच्या एचएस संस्थांची उपचारसूत्रं आली आणि त्यांत वेदनेला स्वतंत्र जागा मिळाली. २०२१ मध्ये तर वेदनेच्या उपचारांची पायरी-पायरीची मांडणी प्रसिद्ध झाली. तिचा आधार असा की या आजारात दुखणं एकाच जातीचं नसतं. ताज्या गाठीचा ठणका दाहाचा असतो. त्याच्यावर शेक, पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेनच्या गटातल्या गोळ्या, लिडोकेनचं मलम चालतं. आम्लपित्त, मूत्रपिंडाचा त्रास किंवा रक्तदाब असेल तर आयब्युप्रोफेनच्या गटातल्या गोळ्या मनानं घेऊ नयेत. जुन्या व्रणांच्या जागी जळजळ होते, झिणझिण्या येतात, विजेचा झटका बसल्यासारखी कळ येते. ते दुखणं नसांचं असतं. त्यावर साध्या वेदनाशामक गोळ्या फारशा चालत नाहीत, गॅबापेंटिन, प्रीगॅबॅलिन किंवा ड्युलोक्सेटिनसारखी औषधं विचारात घेतात. म्हणून ‘दुखतं’ एवढंच न सांगता कसं दुखतं ते सांगणं गरजेचं आहे, आणि डॉक्टरांनी विचारणं त्याहून गरजेचं.

गाठीतच स्टिरॉइडचं इंजेक्शन देण्याची रीत जुनी आहे. २०१६ मध्ये ३६ रुग्णांच्या एका पाहणीत ते दिल्यावर वेदनेचा आकडा एका दिवसात ५.५ वरून २.३ वर आला. चार वर्षांनी झालेल्या एका छोट्या तुलनात्मक चाचणीत मात्र नुसत्या सलाइनच्या इंजेक्शनपेक्षा त्याचा वेगळा फायदा सिद्ध झाला नाही. अनेक डॉक्टर आणि रुग्ण आजही त्याच्यावर भरवसा ठेवतात. मी म्हणेन, ताज्या एकट्या गाठीसाठी ते विचारून पाहावं, पण त्याच्या मागे वर्षं घालवू नयेत.

घरी करण्यासारख्या गोष्टी साध्या आहेत आणि त्या डॉक्टरांच्या पाच मिनिटांत बहुतेक वेळा राहून जातात. सैल सुती कपडे घालावेत. काखेत-जांघेत वस्तरा फिरवू नये, केस कात्रीनं आखूड करावेत. गाठ पिळू नये. क्लोरहेक्सिडिनसारखं जंतुनाशक धुण्याला वापरता येतं. जखमेला न चिकटणारी पट्टी घ्यावी. चिकटलेलं गॉज ओढून काढताना होणारी वेदना हा या आजारातला सर्वांत टाळता येण्याजोगा छळ आहे. ड्रेसिंग बदलायच्या अर्धा-पाऊण तास आधी वेदनाशामक घेतलं आणि पट्टी कोमट पाण्यानं भिजवून सोडवली तर खूप फरक पडतो.

वजन आणि तंबाखू यांच्याबद्दल स्पष्ट बोलायला हवं. एचएसच्या रुग्णांत धूम्रपान आणि स्थूलता दोन्ही जास्त आढळतात, आणि वजन उतरलं की बऱ्याच जणांना आराम पडतो. सिगारेट-बिडी सोडण्याचा सल्ला योग्यच आहे. पण जांघेत उघडी जखम असलेल्या बाईला रोज तासभर चालायला सांगून घरी पाठवणं हा सल्ला नव्हे. आधी तिचं दुखणं आवरा, मग ती चालेल. बारीक आणि निर्व्यसनी माणसांनाही हा आजार होतो. वजनाचा विषय दोषारोपासारखा काढला की रुग्ण परत येत नाही.

मनावरचा भार तर फार उशिरा मोजला गेला. २०१८ मध्ये डेन्मार्कच्या राष्ट्रीय नोंदींवरून दिसलं की एचएसच्या रुग्णांत आत्महत्येनं मृत्यू होण्याचा धोका इतरांपेक्षा सुमारे २.४ पट होता. हा आकडा वाचल्यावर ‘जिवावरचा आजार नाही ना, मग झालं’ हे वाक्य कुणी उच्चारू नये. झोप उडवणारं दुखणं, वासाची भीती, तुटत जाणारी माणसं हे सगळं वर्षानुवर्षं साठत जातं. त्वचेच्या औषधांबरोबर मनाच्या डॉक्टरांची गाठ घालून देणं हा उपचाराचाच भाग आहे.

गेल्या दोन-तीन वर्षांत वेग वाढला आहे. इंटरल्युकिन-१७ ला रोखणारं सेक्युकिन्युमॅब २०२३ मध्ये आणि बायमेकिझुमॅब २०२४ मध्ये युरोप-अमेरिकेत या आजारासाठी मान्य झालं. त्यांच्या चाचण्यांत रुग्णांनी आपल्या त्वचेचं दुखणं शून्य ते दहाच्या पट्टीवर स्वतः नोंदवलं. देसाऊच्या वेळी हे नवलाचं वाटलं असतं. ही औषधं सगळ्यांना लागू पडत नाहीत आणि महाग आहेत. मात्र पहिल्यांदाच डॉक्टरांना एक औषध चाललं नाही तर दुसरं सुचवता येतं.

एवढं सगळं घडूनही आपल्या बाह्यरुग्ण विभागात गाठ बघून चिठ्ठी लिहिली जाते आणि दुखण्याचा आकडा विचारला जात नाही. हा एक प्रश्न विचारायला पैसे लागत नाहीत, यंत्र लागत नाही. वीस वर्षांच्या कामातली सर्वांत स्वस्त गोष्ट आपण अजून उचललेली नाही, हे माझं स्पष्ट मत आहे.

तुम्हाला किंवा घरात कुणाला सहा महिन्यांत दोनदा काखेत, जांघेत, स्तनांखाली किंवा नितंबांवर गळू आलं असेल तर पुढच्या चिऱ्याची वाट पाहू नका. त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. मुंबईत केईएम, नायर, सायन, जेजे, पुण्यात ससून, नागपुरात मेडिकल, या सरकारी आणि पालिका रुग्णालयांत त्वचारोग विभाग आहेत. कितव्यांदा गळू आलं, कुठे आलं, आधी कुठे चिरा दिला हे कागदावर लिहून न्या. दुखणं शून्य ते दहामध्ये किती आणि कोणत्या जातीचं आहे ते आपणहून सांगा, आणि तो आकडा केसपेपरवर लिहायला सांगा.